बरियलचा 'अनट्रू' ऐकायचा कसा आणि त्याच्यावरच्या प्रतिक्रिया वाचायच्या कशा

डबस्टेप, म्हणजे लंडनच्या क्लबांमधून आलेलं, बेसवर उभं असलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत, म्हटलं की आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या कानात आधी तो स्क्रिलेक्स ह्या अमेरिकन डीजेचा घर्रर्र घर्रर्र करणारा बेसच वाजायला लागतो, आणि त्या तयारीने कोणी बरियल ह्या लंडनच्या संगीतकाराचा 'अनट्रू' हा अल्बम लावला की दहा मिनिटांत विचारतो, अरे ड्रॉप (ताण वाढवत नेऊन बेस फुटतो तो क्षण) कुठंय? दुसरा कोणीतरी सांगतो की या शतकातला सगळ्यात भारी इलेक्ट्रॉनिक अल्बम हाच. तिसरा लंडनच्या जुन्या डबस्टेपचा पक्का भक्त असतो, तो म्हणतो हे मुळात डबस्टेपच नाही, हे गराज (डबस्टेपच्या आधीचं लंडनचं क्लब संगीत) आहे आणि ह्याच्यावर धड नाचताही येत नाही. अल्बम एकच, नोव्हेंबर २००७ मध्ये आलेला, १३ ट्रॅक, साधारण ५० मिनिटांचा. आणि तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नाहीये.

माझं म्हणणं असं की ह्या अल्बमबद्दल माणूस काय बोलणार हे त्याने तो कुठे ऐकला, कशावर ऐकला आणि त्याच्या आधी काय ऐकलं होतं ह्याच्यावर खूप ठरतं. ते लक्षात घेतलं की दुसऱ्याचं मत वाचायलाही मजा येते आणि स्वतःला ऐकायलाही. अल्बम अजून ऐकला नसेल तर उत्तमच, पण थांबा, लगेच लावू नका, आधी हे वाचा.

आधी जागा समजून घ्या

डबस्टेप जन्माला आलं ते दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनच्या आसपास. तिथे बिग ॲपल रेकॉर्ड्स नावाचं दुकान होतं, हॅचा नावाचा डीजे तिथे काम करायचा, पुढे डबस्टेपमधली मोठी नावं झालेली स्क्रीम आणि बेंगा ही तेव्हा शाळकरी वयातली पोरं तिथेच पडीक असायची. गाणी वाजायची ती फॉरवर्ड नावाच्या क्लब नाइटला, जी पुढे शोरडिचमधल्या प्लास्टिक पीपल ह्या छोट्याशा अंधाऱ्या तळघरात स्थिरावली, आणि २००५ पासून ब्रिक्स्टनला डीएमझेडच्या रात्रींना, तेही एका चर्चच्या इमारतीत. पायरेट, म्हणजे विनापरवाना चालणाऱ्या, रेडिओवर रिन्स एफएम. जानेवारी २००६ मध्ये रेडिओ निवेदिका मेरी ॲन हॉब्जने बीबीसी रेडिओ १ वर ह्या सगळ्या मंडळींना एका कार्यक्रमात एकत्र आणलं आणि तिथून ही गोष्ट लंडनबाहेर पोचली.

ह्या संगीताचा वेग साधारण १४० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १४० ठोके, पण स्नेअर ड्रम तिसऱ्या ठोक्यावर पडतो त्यामुळे कानाला ते ७० च्या संथ चालीचं वाटतं, आणि मधल्या मोकळ्या जागेत बेस घुमतो. हा बेस ३० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यातला, म्हणजे कानापेक्षा छातीला आधी कळणारा. ही सगळी जमैकन साउंड सिस्टिमची परंपरा, ब्रिक्स्टनमध्ये कॅरिबियन लोक स्थायिक झाले त्यांच्याबरोबर आलेली. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोरून जाताना बरगड्या कशा थरथरतात ते ज्याला माहीत आहे त्याला ह्यातला अर्धा भाग समजावून सांगायची गरजच नाही, फरक एवढाच की तिथे सगळं भरगच्च असतं आणि ह्या लोकांनी मुद्दाम जागा रिकामी सोडली.

आता ह्याच वस्तीतला बरियल, पण तो ह्या खोल्यांमध्ये डीजे म्हणून कधीच उभा राहिला नाही. लाइव्ह कार्यक्रमच करत नाही तो. कोड नाइन म्हणजे स्टीव्ह गुडमन, त्याच्या हायपरडब लेबलवर मे २००६ मध्ये ह्याचा पहिला अल्बम आला, नाव फक्त 'बरियल', आणि द वायर मासिकाने तो त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरवला. तोवर कोणाला माहीतच नव्हतं हा माणूस कोण. त्याने मुलाखतीत सांगितलंय की मोठ्या भावांनी आणलेल्या जंगल ह्या वेगवान डान्स संगीताच्या रेकॉर्ड आणि रेव्हच्या, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या डान्स पार्ट्यांच्या, गोष्टी ऐकत तो मोठा झाला, म्हणजे ज्या पार्ट्यांबद्दल त्याचं संगीत हळवं होतं त्या त्याने भावांच्या तोंडून ऐकलेल्या. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

प्रतिक्रिया वाचताना काय बघायचं

पहिली गोष्ट, वर्ष बघा. २००७ ला लिहिलेलं मत आणि २०१२ ला लिहिलेलं मत ह्यांत जमीन अस्मानाचा फरक असतो, कारण मधे २०१० ला स्क्रिलेक्सची 'स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स' ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) आली, २०१२ ला त्याला ग्रॅमी मिळाले, आणि डबस्टेप ह्या शब्दाचा अर्थच जगभर बदलला. जो श्रोता २०१२ ला त्या वाटेने आला त्याच्यासाठी डबस्टेप म्हणजे टेन्शन वाढवत न्यायचं आणि मग फोडायचं. त्याला 'अनट्रू' मध्ये काहीच घडत नाही असं वाटलं तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तो फक्त सांगतोय की तो कुठल्या दारातून आत आला.

दुसरं, तो माणूस नाचायला जायचा का घरी ऐकायचा हे शोधा, बहुतेक वेळा दोन ओळींत कळतं. फॉरवर्डला जाणारे लोक मोठ्या सिस्टिमवर डबप्लेट (बाजारात येण्याआधी डीजेसाठी कापलेली रेकॉर्ड) ऐकणारे, त्यांचा निकष एकच की ही ट्यून रात्री खोलीचं काय करते. बरियलचे ड्रम पातळ, खुडखुडणारे, थोडे सरकलेले, दुसऱ्या रेकॉर्डबरोबर मिक्स करायला अवघड, कारण त्याने ते सीक्वेन्सरच्या, म्हणजे ठोके आपोआप तालात बसवणाऱ्या साधनाच्या, चौकटीत बसवलेलेच नव्हते. साउंड फोर्ज नावाचं साधं ऑडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरून, वेव्हफॉर्मकडे डोळ्याने बघत, एकेक ठोका हाताने ठेवलेला. म्हणून डीजे माणूस जेव्हा म्हणतो की हे लूज आहे, तेव्हा तो दोष सांगतोय असं वाटतं पण तो खरं तर अल्बमचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य सांगतोय. अशी नकारात्मक मतं मला दहा कौतुकांपेक्षा जास्त कामाची वाटतात.

तिसरा प्रकार म्हणजे 'मला डबस्टेप आवडत नाही पण हा अल्बम आवडतो' म्हणणारे. २००८ ला मर्क्युरी प्राइझ ह्या ब्रिटिश अल्बमसाठीच्या पुरस्काराच्या यादीत 'अनट्रू' आला तेव्हा असे श्रोते खूप वाढले, ज्यांच्याकडे बाकी सगळं इंडी रॉक आणि डबस्टेपची एवढी एकच सीडी. जुने लोक ह्यांच्यावर खूप चिडायचे. मला ते चिडणं समजतं, ज्या खोल्यांनी हे संगीत वाढवलं त्यांचं नाव न घेता एकच अल्बम उचलून नेला की राग येणारच. पण ह्या नव्या श्रोत्यांची प्रतिक्रिया टाकाऊ नाही, ते आवाज, एकटेपणा, पाऊस ह्यांबद्दल बोलतात, बेसबद्दल फारसं नाही, ह्यावरूनच समजा की त्यांनी तो हेडफोनवर ऐकलाय.

मर्क्युरीचा विषय निघालाच आहे तर अजून एक गाळणी लावा. त्या उन्हाळ्यात बरियल कोण ह्याचीच चर्चा अल्बमपेक्षा मोठी झाली होती. द सन ह्या वर्तमानपत्राने त्याला शोधायची मोहीम काढली, कोणी म्हणे तो आधीच प्रसिद्ध असलेला संगीतकार ॲफेक्स ट्विन आहे, कोणी म्हणे फॅटबॉय स्लिम. शेवटी ऑगस्ट २००८ मध्ये त्याने स्वतःच मायस्पेसवर फोटो टाकून विल बेव्हन हे नाव सांगितलं, आणि आपल्याला फक्त ट्यून्स बनवायच्या आहेत अशा अर्थाचं काहीतरी साधं लिहिलं. सप्टेंबरमध्ये पुरस्कार गेला एल्बो बँडला. तर त्या काळातलं लिखाण वाचताना जो भाग रहस्याबद्दल आहे तो बाजूला काढा, खूपदा मग संगीताबद्दल दोनच ओळी उरतात, त्या दोन वाचा.

आणि समीक्षक. मार्क फिशर हे नाव वाचायलाच लागतं, डिसेंबर २००७ च्या द वायर साठी बरियलची मुलाखत त्यांनी घेतली होती, आणि त्यांचं म्हणणं असं की हे संगीत रेव्ह संपून गेल्यानंतरच्या लंडनचं आहे, जे भविष्य येणार होतं आणि आलं नाही त्याची आठवण काढणारं. मला हे वाचन पटतं, वर सांगितलेली भावांची गोष्ट त्याला जोडून बघा. २०१७ ला अल्बमला दहा वर्षं झाली तेव्हा सायमन रेनॉल्ड्स यांनी लांबलचक लेख लिहून ह्याला शतकातला आतापर्यंतचा सगळ्यात महत्त्वाचा इलेक्ट्रॉनिक अल्बम ठरवलं. हे दोघंही वाचा, पण अल्बम दोनदा तरी ऐकून झाल्यावर, नाहीतर तुमच्या कानात त्यांचीच वाक्यं वाजत राहतील. रात्रीची बस, ओले रस्ते, पिवळे दिवे हे शब्द ह्या अल्बमला इतके चिकटलेत की लोक आता ते न ऐकताच लिहितात.

ऐकायची तयारी

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, हे मी हात जोडून सांगतो. १०० हर्ट्झच्या खालचं त्यातून जवळपास काहीच येत नाही, म्हणजे अल्बमचा तळच कापला जातो आणि उरते ती टिकटिक आणि खरखर, मग माणूस म्हणतो हे किती किरकिरं आहे. महागडे हेडफोन लागत नाहीत, साधे इअरफोन चालतील पण रबरी टोक कानात नीट बसलं पाहिजे, जरा जरी फट राहिली तर बेस सगळा बाहेर. लहान मोठी टोकं डब्यात मिळतात ती खरंच घालून बघा. इक्वलायझर आणि बेस बूस्ट बंद करा, कारण बूस्ट बहुतेक वेळा १०० च्या वरचा भाग फुगवतं आणि ह्या अल्बममधला खोल, शांत सब (सगळ्यात खालचा बेस) त्याखाली दबतो. कानातलं आवडत नसेल तर गाडीत ऐका, गाड्यांचे स्पीकर ह्या पट्ट्यात बरे असतात, आणि बरियल स्वतःसुद्धा ट्यून कशी वाटतेय ते बघायला रात्री गाडी घेऊन फिरायचा.

आवाज मध्यम. फार मोठा केला तर रेकॉर्डची खरखर टोचायला लागते.

शफल बंद, मधल्या जाहिराती बंद करता आल्या तर करा, आणि ५० मिनिटं सलग काढा. ह्या अल्बममध्ये ड्रम नसलेले छोटे तुकडे आहेत, 'एन्डॉर्फिन', 'इन मॅकडॉनल्ड्स', 'डॉग शेल्टर', 'युके', आणि ते सुटे ऐकले तर अर्धवट वाटतात पण क्रमात आले की दोन गाण्यांमधला श्वास होतात. लोकांच्या निम्म्या तक्रारी 'फिलर आहे' अशा असतात त्या ह्याच तुकड्यांबद्दल, आणि माझ्या मते त्या शफलमधून आलेल्या असतात.

ऐकताना

पहिल्यांदा काहीच शोधू नका. दुसऱ्यांदा एकेक गोष्ट पकडा. 'आर्केंजल' मध्ये आवाज पकडा, तो पुरुषाचा आहे का बाईचा? ठरवता येत नाही, कारण त्याने आर अँड बी गाण्यातले गायकांचे तुकडे घेऊन त्यांची पट्टी वर खाली केलीय, पुरुषाचा आवाज बाईसारखा आणि उलटही, आणि शब्द असे तोडलेत की वाक्य पूर्ण होत नाही. बरेच श्रोते म्हणतात की कोणीतरी आपल्याशी बोलतंय पण नीट ऐकू येत नाही, ते ह्यामुळे. भाषा परकी असणं इथे आड येत नाही, इंग्रजी घरात बोलणाऱ्यांनाही ते शब्द पूर्ण लागत नाहीत.

'नियर डार्क' आणि 'घोस्ट हार्डवेअर' मध्ये ड्रम पकडा. सरळ चार ठोक्यांचा किक (ड्रमचा जड ठोका) शोधायला जाल तर सापडणार नाही, टू स्टेप गराजमध्ये मधले किक काढून टाकलेले असतात म्हणून ताल लंगडत पुढे जातो, त्यात ह्याचे ठोके हाताने ठेवलेले, त्यामुळे बोटाने टेबलावर ताल धरला तर बोट थोडं चुकतं. ते चुकणं मजेत घ्या, तिथेच त्याची लय आहे. ड्रमच्या जागी काय काय वाजतंय ते पण ऐका, व्हिडिओ गेममधून उचललेले आवाज आहेत, जमिनीवर पडणारी काडतुसं, किल्ल्या, आणि सगळ्यावर पाऊस आणि आगीची चरचर.

शेवटच्या 'रेव्हर' पर्यंत पोचाल तेव्हा अल्बममध्ये पहिल्यांदा जवळपास सरळ ठोका मिळतो. ४५ मिनिटं लंगड्या तालानंतर तो येतो आणि अंगात एकदम काहीतरी सुटतं. ड्रॉप कुठंय विचारणाऱ्याला मी हेच उत्तर देतो, शेवटच्या गाण्यात आहे, पण तो शेवटच्या गाण्यापर्यंत थांबलास तरच लागतो. नुसता 'रेव्हर' लावून बघितला तर काही होत नाही, करून बघा.

दुसऱ्यांना ऐकवून बघायचं असेल तर

हे नक्की करा, कारण प्रतिक्रिया समोर घडताना बघण्यात जे कळतं ते वाचून कळत नाही. दोन तीन जण पुरे. बरियल कोण, किती ग्रेट, कोणी काय लिहिलं, ह्यातलं काहीही आधी सांगू नका. 'डबस्टेप' हा शब्दसुद्धा नको, तो ऐकला की लोक ड्रॉपची वाट बघत बसतात. आवडलं का हा प्रश्न तर अजिबात नको, त्याचं उत्तर माणूस तुमचं तोंड बघून देतो. त्याऐवजी विचारा, लक्ष कुठे गेलं, कधी उडालं, कुठली वेळ आठवली. शास्त्रीय ऐकणारं कोणी घरात असेल तर त्यांना जरूर ऐकवा, मावशी असो काका असो, कारण ते आधी सुराकडे आणि ठहरावाकडे बघतात, बेसकडे नाही, आणि आवाज मधेच का तोडलाय हा प्रश्न तेच पहिल्यांदा विचारतात. तो प्रश्न बरोबर आहे. ताशा किंवा ढोल वाजवणारा मित्र असेल तर तो ठोका सरकलाय हे लगेच पकडेल आणि त्याला त्याचा त्रासही होईल, ते पण लिहून ठेवा.

कोणी उठून गेलं तर जाऊ द्या, समजावत बसू नका. कुठल्या ट्रॅकला उठलं तेवढं बघा.

स्वतःचं मत लिहिताना

'व्हाइब भारी', 'डिप्रेसिंग आहे', 'ओव्हररेटेड', हे तीन शब्द आले की वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. तुम्ही कशावर ऐकलं ते पहिल्या वाक्यात लिहा, लोकलमध्ये इअरफोन का घरी स्पीकर, दिवसा का रात्री. मग एक जागा पकडा, कुठल्या ट्रॅकच्या कितव्या मिनिटाला काय झालं आणि तुम्हाला काय झालं. आपल्याकडे आवाजासाठी शब्दांची काय कमी आहे का राव, खरखर, चरचर, घुमणं, दणका, कुजबुज, हुंकार, भणभण, हे वापरा, उगाच टेक्श्चर आणि ॲटमॉस्फिअर करत बसू नका. त्याआधी तुम्ही काय ऐकत होतात ते पण सांगा, मेटल ऐकणाऱ्याचं मत आणि टेक्नो ऐकणाऱ्याचं मत वाचणारा वेगळं तोलतो आणि तोलू द्यावं.

नाही आवडला तर तसंच लिहा, मोठ्या नावांना घाबरून कौतुक करू नका. 'शेल ऑफ लाइट' पर्यंत मला सगळं एकाच रंगाचं वाटायला लागतं असं कोणी लिहिलं तर मी वाद घालणार नाही, अल्बम खरंच एकाच रंगाचा आहे, ज्याला तो रंग हवाय त्याला ५० मिनिटं कमी पडतात आणि ज्याला नकोय त्याला दहा मिनिटं जड जातात. आणि एक महिन्याने परत ऐकून खाली दोन ओळी वाढवा, आधीचं न खोडता.

पुढे काय ऐकायचं हे तुमच्या प्रतिक्रियेवरच ठरवा. आवाज आणि एकटेपणा आवडला असेल तर बरियलच्याच नंतरच्या ईपी घ्या, त्याने 'अनट्रू' नंतर पूर्ण लांबीचा तिसरा अल्बम असा काढलाच नाही, पण २०१२ ची 'किंड्रेड' आणि डिसेंबर २०१३ ची 'रायव्हल डीलर' आहे, ही दुसरी त्याने दादागिरी सहन करणाऱ्यांसाठी म्हणून केली आणि तसं मेरी ॲन हॉब्जला कळवलंही होतं, ह्यात तो चक्क उजेडात येऊन बोलतो आणि त्यामुळे जुने चाहते दोन गटांत फाटले, मी आवडलेल्यांच्या गटात. ठोके नसलेले तुकडेच जास्त भावले असतील तर २०२२ ची 'अँटीडॉन'. ड्रमची कमतरता जाणवली आणि छातीत काहीच वाजलं नाही असं झालं असेल तर डीएमझेडच्या रात्री चालवणाऱ्यांपैकी एक, माला नावाचा डीजे, त्याची २०१० ची 'रिटर्न टू स्पेस' घ्या, किंवा स्क्रीमचा २००६ चा पहिला अल्बम, त्यातलं 'मिडनाइट रिक्वेस्ट लाइन' आधी लावा, आणि हे सगळं इअरफोनवर नाही, ज्याच्याकडे सबवूफर आहे अशा मित्राच्या घरी, शेजाऱ्यांना सांगून.